हिवाळ्यातील खिन्नता आणि पौलाचा झगा

संत पौलाने तीमथ्याला धाडलेले दुसरे पत्र आपण देवळात अनेकदा ऐकतो. विश्वासासाठी दिलेली झुंज, संपत आलेली धाव यांविषयीचे त्यातील उदात्त विचार आपल्या कानांत घोळत राहतात. पण त्याच पत्राच्या अखेरीस काही अगदी घरगुती निरोप आहेत आणि तेथे आपले लक्ष सहसा थांबत नाही. त्रोवस येथे कार्पाच्या घरी आपला झगा राहिला आहे, तो येताना आणावा; पुस्तके आणावीत, त्यातही चर्मपत्रे विसरू नयेत; आणि होता होईल तो हिवाळा लागण्याआधी येऊन पोहोचावे, असे पौल कळवतो. हे पत्र खुद्द पौलाच्या हातचे, की त्याच्या एखाद्या शिष्याने त्याच्या नावे लिहिलेले, याविषयी बायबलच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. तो वाद त्यांच्यावर सोपवू. ज्याने कोणी हे लिहिले त्याला बंदिवासातील थंडी कशी असते हे ठाऊक होते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत भूमध्य समुद्रातील गलबतांची ये-जा जवळजवळ बंद पडते, हेही त्याला ठाऊक होते. हिवाळ्यापूर्वी न निघालेला मित्र वसंतापर्यंत येणार नाही. आणि तोवर कैद्याचे काय होईल याचा भरवसा कोणी द्यावा?

या निरोपात मला एक नैतिक प्रश्न दडलेला दिसतो. ज्याने फटके, उपासमार आणि जहाजफुटी सोसली, त्याने थंडीसाठी झगा मागावा यात काही कमीपणा आहे काय? थंडीच्या दिवसांत शरीराची आणि मनाची निगा राखणे हा स्वार्थ की कर्तव्य? आणि ते कर्तव्यच असेल तर कोणाचे? ज्याला हुडहुडी भरली आहे त्याचे, की ज्याच्या घरी झगा खुंटीला टांगून पडला आहे त्याचे?

आपल्या किनारपट्टीवर हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. हिवाळा म्हणजे आपल्याकडे सणच. पहाटेची बोचरी हवा, ओल्या गवतावरचे दव, वालाच्या शेंगांची पोपटी, डिंकाचे लाडू, आगमनकाळाची गीते, गोठ्याची तयारी, नातलगांची लग्ने. उन्हाळ्याने भाजलेल्या आणि पावसाने भिजलेल्या माणसाला हे तीन महिने विसाव्याचे वाटतात. मुंबईच्या परिसरात वर्षातला सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. म्हणजे थंडी आली तरी सूर्य आपल्याला सोडून जात नाही. लंडनमध्ये डिसेंबरात दिवस आठ तासांचाही भरत नाही; चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो आणि तो वर असतो तेव्हाही बहुधा ढगांच्या गोधडीखालीच असतो. स्टॉकहोममध्ये तीनच्या आत अंधारते. नॉर्वेतील ट्रॉम्सो शहरात नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही.

एके काळी ही माहिती भूगोलाच्या पुस्तकापुरती होती. आता ती आपल्या घरात आली आहे. आपल्या अनेक कुटुंबांतील मुले-मुली शिक्षणासाठी वा नोकरीसाठी इंग्लंड, आयर्लंड, कॅनडा, जर्मनी अशा देशांत गेली आहेत, आणि त्यांचा पहिला हिवाळा हा आता आपल्याही संसाराचा भाग झाला आहे. फोनवरचे संभाषण बहुतेक ठिकाणी एकाच वळणाने जाते. “आई, इथे चारलाच काळोख झाला गं,” मुलगी म्हणते. “मग लवकर जेवून झोप,” आई म्हणते. काही दिवसांनी मुलगी सांगते की झोप तर खूप येते, पण उठवत नाही. सारखे गोड खावेसे वाटते. कोणाशी बोलू नये, बाहेर पडू नये असे वाटते. आई घाबरते. आणि घाबरलेल्या आईच्या तोंडून जे निघते तेच निघते: “रोझरी चुकवतेस ना? म्हणून असं होतं.” त्यानंतर मुलगी ‘मी बरी आहे’ असे सांगू लागते. आई-वडिलांनी कर्ज काढून, प्रसंगी वाडीचा तुकडा विकून आपल्याला येथे पाठवले. मग आपल्याला खिन्न होण्याचा अधिकारच काय, असे तिला वाटत असते. या गप्प बसण्याची मला सर्वांत जास्त भीती वाटते.

त्या मुलीला जे होते आहे त्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे. १९८४ साली नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर हिवाळ्यात येणाऱ्या आणि वसंतात आपोआप ओसरणाऱ्या या विकाराला आपण ऋतुजन्य नैराश्य म्हणू. रोझेंथल स्वतः दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गचे. लख्ख उन्हाच्या गावातून ते १९७६ साली न्यूयॉर्कला आले, आणि तेथील हिवाळ्यात आपले काम मंदावते, उत्साह मावळतो, हे त्यांनी प्रथम स्वतःवरच अनुभवले. याच सुमारास, १९८० साली, आल्फ्रेड लुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की प्रखर प्रकाशामुळे माणसाच्या शरीरातील मेलॅटोनिन या द्रव्याचे प्रमाण उतरते. हे द्रव्य शरीराला रात्र झाल्याची वर्दी देते. सकाळी प्रकाश पुरेसा मिळाला नाही तर ही वर्दी उशिरापर्यंत चालूच राहते. घड्याळ आठ वाजल्याचे सांगते आणि शरीर म्हणते, अजून रात्र आहे.

पुढे, या शतकाच्या आरंभी, शास्त्रज्ञांना डोळ्याच्या पडद्यात काही निराळ्या पेशी आढळल्या. वस्तूंची रूपे दाखवणे हे त्यांचे मुख्य काम नसते. किती उजेड आहे एवढे मोजून त्या मेंदूतील घड्याळाला कळवतात. काही अंध व्यक्तींमध्येही त्या शाबूत असतात. म्हणजे डोळा केवळ पाहण्यासाठी दिलेला नाही. ज्या उजेडात आपण काही पाहत नाही, तोही आपल्यात शिरून काम करीत असतो. एवढा एक शोध कित्येक प्रवचनांना पुरेल, असो.

उजेड मोजण्याचे लक्स नावाचे एक माप आहे. दिवे लावलेल्या कचेरीत साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. उन्हाच्या दिवशी आपल्या अंगणात तो एक लाखाच्या घरात जातो. अभ्राच्छादित आकाशाखालीदेखील तो खोलीतल्यापेक्षा बहुधा कितीतरी अधिक असतो. म्हणून या विकारावर डॉक्टर सकाळी सुमारे अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसायला सांगतात, आणि नुसते सकाळी बाहेर फिरून येण्याचाही पुष्कळांना उपयोग होतो. त्याला दुसरी एक बाब जोडून घ्यावी लागते. उत्तरेकडील देशांत हिवाळ्याचे सूर्यकिरण इतके तिरपे येतात की त्वचेला ड जीवनसत्त्व जवळजवळ बनवताच येत नाही. त्यातून आपली सावळी त्वचा ते गोऱ्या त्वचेपेक्षा सावकाश बनवते. ब्रिटनची आरोग्यसेवा सर्वांना हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करायला सांगते, आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना तर वर्षभर. मुलाच्या बॅगेत लोणच्याची बरणी आणि मसाल्याच्या पुड्या भरताना हे कोणी सांगत नाही.

तरीही आईच्या त्या वाक्याला केवळ अडाणीपणा म्हणून उडवून लावणे मला न्यायाचे वाटत नाही. तिच्यामागे एक जुनी परंपरा उभी आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातील तापसांनी मनाच्या आठ शत्रूंची यादी केली होती. तीत दुःख किंवा खिन्नता आहे, आणि ‘असेडिया’ नावाची एक मरगळही आहे. इव्हाग्रियस या तपस्व्याने तिचे मोठे मार्मिक वर्णन केले आहे: तापस खोपटीच्या दाराशी पुन्हापुन्हा येतो, सूर्य किती सरकला ते पाहतो, त्याला दिवस संपता संपत नाही, जागेचा वीट येतो, हातच्या कामाचा वीट येतो. जॉन कॅसियनने ही शिकवण पश्चिमेकडे नेली आणि पुढे महान संत ग्रेगरी यांनी ती खिन्नतेत मिसळून टाकली. यातूनच आपल्या सात महापातकांतील ‘आळस’ उतरला. म्हणून अंथरुणात पडून राहिलेल्या मुलीकडे पाहताना आईच्या मनात एकदम पापाचा विचार येतो, तो काही आभाळातून पडलेला नसतो.

पण वाळवंटातल्या त्या तापसाची मरगळ भर दुपारची होती. सूर्य डोक्यावर थांबून राहिल्यासारखा वाटे, हे त्याचे गाऱ्हाणे. उत्तरेकडच्या मुलीचे गाऱ्हाणे त्याच्या नेमके उलटे आहे. ज्या औषधाने पहिला बरा झाला त्याने दुसरी बरी होईल असे मानणे, म्हणजे तापाच्या आणि गारठ्याच्या रोग्याला एकच काढा पाजण्यासारखे आहे. दोन्हींत हातपाय गळतात हे खरे. कारण मात्र वेगळे.

हा भेद आधुनिक डॉक्टरांनीच प्रथम सांगितला असे समजू नये. सोळाव्या शतकातील क्रूसभक्त संत योहान याने ‘अंधारी रात्र’ या ग्रंथात आत्मिक कोरडेपणाची लक्षणे देताना मुद्दाम बजावले आहे की असा कोरडेपणा कधी पापातून येतो, कधी देवाच्या कृपेतून येतो आणि कधी निव्वळ शरीरप्रकृतीच्या बिघाडातूनही येतो. मार्गदर्शकाने तो ओळखला पाहिजे. १५७७च्या डिसेंबरात पकडून त्याला टोलेडो येथील मठात कोंडले होते आणि तेथे सबंध हिवाळा त्याने जवळजवळ अंधारात काढला. अंधार म्हणजे काय ते त्याला कोणाकडून शिकायचे नव्हते. त्याची सहकारी अविलाची संत तेरेजा हिने विषण्ण प्रकृतीच्या भगिनींविषयी लिहिताना मठप्रमुखांना सांगितले आहे की त्यांचे उपास कमी करावेत, त्यांना दीर्घ प्रार्थनेत फार वेळ ठेवू नये आणि कामात गुंतवावे. तिचा सूर काही ठिकाणी आजच्या कानांना कडक वाटतो, हे कबूल केले पाहिजे. तरी प्रार्थना कमी करा, असा सल्ला प्रार्थनेच्या महान आचार्येने द्यावा, ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगण्याजोगी आहे.

मला सर्वांत गोड वाटते ते संत थॉमस अक्वायनस यांचे उत्तर. ‘सुम्मा थिओलॉजिए’ या प्रचंड ग्रंथात, जेथे देवाचे अस्तित्व आणि देवदूतांचे स्वरूप यांची चर्चा आहे, तेथेच एक प्रश्न दुःखावरील उपायांना वाहिलेला आहे. उपाय पाच: कोणतेही निर्मळ सुख, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि पाचवा, झोप व स्नान! यावर ते आक्षेपही घेतात की दुःख मनाचे, मग शरीराच्या उपायाने ते कसे हटेल? उत्तर असे की शरीर आपल्या योग्य स्थितीला आले की त्याचा आनंद मनापर्यंत पोहोचतोच. ते संत ऑगस्टिनचा दाखला देतात. आईला मूठमाती दिल्यानंतर ऑगस्टिन न्हाणीघरात गेला, कारण स्नानाने शोक जातो असे त्याने ऐकले होते. स्नानाने काही झाले नाही, असे तो स्वतःच लिहितो. मग तो झोपला, आणि उठला तेव्हा शोक बराच हलका झाला होता. एका उपायाने गुण आला नाही तर दुसरा करून पाहावा, हे शहाणपण त्या दोन ओळींत किती सहज आले आहे!

याच वृत्तीने सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठाचे नियम लिहिले. थंड प्रदेशात बंधूंना कपडे अधिक लागतात, उष्ण प्रदेशात कमी, आणि हे पाहण्याची जबाबदारी मठाधिपतीवर आहे, असे त्याने लिहून ठेवले. हिवाळ्यासाठी जाड लोकरीचा अंगरखा, उन्हाळ्यासाठी पातळ. १ नोव्हेंबरपासून ईस्टरपर्यंत रात्रीच्या प्रार्थनेसाठी उठण्याची वेळ अशी बेताने ठरवली की बंधूंची झोप मध्यरात्रीच्या थोडी पुढेपर्यंत व्हावी आणि अन्न पचलेले असावे. हा नियम वाचताना मला नेहमी जाणवते की यात कोणाही बंधूला झगा मागावा लागत नाही. तो मागण्यापूर्वी त्याची सोय झालेली असते. मागावे लागणे हेसुद्धा एक थंडीच आहे.

येथे कोणी म्हणेल की मग माणसाच्या इच्छाशक्तीला काही कामच उरले नाही. तसे नाही. दिवा विकत आणला तरी त्याच्यासमोर बसायला उठावे लागते. आणि ज्या सकाळी उठणे सर्वांत अवघड असते तीच सकाळ सर्वांत महत्त्वाची. ट्रॉम्सोमध्ये संशोधन करणाऱ्या केरी लिबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञेला आढळले की जे नॉर्वेजियन जितके अधिक उत्तरेला राहतात तितकी त्यांची हिवाळ्याकडे पाहण्याची दृष्टी अधिक प्रसन्न असते. हिवाळा हा सोसण्याचा काळ न मानता ते त्याला बर्फावरच्या भटकंतीचा, मेणबत्त्यांचा, मित्रांना घरी बोलावण्याचा काळ मानतात. १३ डिसेंबरला संत ल्युसीचा सण स्कँडिनेव्हियातल्या लुथरन देशांनी टिकवून धरला आहे, आणि डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचा मुगुट घालून पहाटे घरच्यांना जागे करणारी मुलगी हे तेथील हिवाळ्याचे सर्वांत सुंदर चित्र आहे. आपल्या देवळातला आगमनकाळाचा हारही तिकडचाच. १८३९ साली हँबुर्ग येथे योहान हिनरिक विखर्न या लुथरन पाळकाने गरीब मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवून तो प्रथम तयार केला, कारण ‘नाताळ किती दिवसांवर आला?’ असे विचारून मुलांनी त्याला भंडावून सोडले होते. लांबलेल्या रात्रीत दिवस मोजण्याची ती सोय होती.

म्हणून वृत्तीचे महत्त्व मी नाकारीत नाही. मात्र ‘दृष्टी बदला’ हा उपदेश आजारी माणसाच्या पाठीवरचा चाबूक होता कामा नये. ट्रॉम्सोच्या माणसाची प्रसन्न दृष्टी उबदार घरात, चांगल्या बुटांत आणि शेजाऱ्यांच्या सोबतीत वाढलेली असते. भाड्याच्या तळघरातल्या खोलीत, रात्रपाळी करून, एकट्याने राहणाऱ्या विद्यार्थ्याने तीच दृष्टी आपोआप कोठून आणावी? ज्याचे औदासीन्य दोन आठवड्यांहून अधिक टिकून राहते, ज्याला जगणे नकोसे वाटते, त्याने मनोबल वाढवीत न बसता डॉक्टरकडे गेले पाहिजे. आणि तो जात नसेल तर त्याच्या माणसांनी त्याला नेले पाहिजे.

कर्तव्य कोणाचे, हा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या १९९२ सालच्या ग्रंथात आयुष्य आणि आरोग्य ही देवाने आपल्या हाती सोपवलेली मौल्यवान देणगी मानली आहे आणि तिची वाजवी निगा राखण्यास सांगितले आहे; पण ती निगा इतरांच्या गरजा आणि सर्वांचे हित ध्यानात घेऊन राखायची आहे. लगेच पुढे शरीराची पूजा मांडू नये असेही बजावले आहे. आणि आरोग्यासाठी लागणारी अन्नवस्त्र-निवाऱ्याची परिस्थिती निर्माण करण्यास समाजाने साहाय्य केले पाहिजे, असेही तेथे आहे. या शेवटच्या मुद्द्याला आकड्यांचाही आधार आहे. युरोपात हिवाळ्यातील मृत्यू इतर ऋतूंच्या तुलनेत किती वाढतात हे पाहिले तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसून आली. ही वाढ अतिशीत फिनलंडमध्ये कमी, आणि तुलनेने ऊबदार अशा पोर्तुगाल, स्पेन, आयर्लंडमध्ये जास्त. उत्तरेकडची घरे थंडी गृहीत धरून बांधलेली आहेत. दक्षिणेकडच्या घरांत भिंतींतून वारा शिरतो. माणसे मरतात ती पुष्कळदा केवळ थंडीने नव्हे, तर घराच्या निकृष्टपणाने. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण पडतो, हे सर्वांच्या शरीरात सारखेच घडते. ते ज्याच्या जिवावर बेतते तो बहुधा म्हातारा आणि गरीब असतो.

आपल्याकडेही हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात, वीटभट्टीवरच्या झोपड्यांत, मुंबईच्या पदपथांवर हिवाळा सण म्हणून येत नाही. नाताळाच्या आठवड्यात आपण ब्लँकेटे वाटतो हे चांगलेच आहे. वाटणाऱ्यांची छायाचित्रे थोडी कमी निघाली तरी चालेल. धर्मग्रामातील एकट्या राहणाऱ्या वृद्धांना मात्र ब्लँकेटापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची वाण असते. पहाटेच्या मिस्साला थंडीमुळे येणे बंद झालेली मावशी घरी कशी आहे, हे आठ दिवसांत कोणी विचारले काय?

मला या संदर्भात दोन गावे आठवतात. नॉर्वेतील रयुकान हे गाव एका खोल दरीत वसले आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत डोंगराआडून सूर्य तेथे येत नाही. डोंगरावर आरसे बसवून ऊन खाली आणावे, अशी कल्पना तेथील ऑस्कर किट्टिलसेन या हिशेबनिसाने १९१३ साली वर्तमानपत्रात मांडली. गावातील कारखान्यांचा संस्थापक साम आयडे यालाही ती भावली. पण त्या काळी ते साधले नाही. मग कंपनीने १९२८ साली दोरीवरून चालणारी पाळण्याची गाडी बांधून दिली, अशासाठी की लोकांनी हिवाळ्यात डोंगरावर जाऊन तरी ऊन खावे. पुढे बाहेरून येऊन तेथे स्थायिक झालेला मार्टिन आंडरसन हा कलावंत त्या जुन्या कल्पनेच्या मागे लागला, आणि २०१३च्या ऑक्टोबरात तीन मोठे आरसे डोंगरावर उभे राहिले. सूर्यामागोमाग फिरत ते गावाच्या चौकात ऊन पाडतात. खर्चावरून आधी कुरबूर झाली होती. आरसे सुरू झाले त्या दिवशी लोक खुर्च्या टाकून, काळे चष्मे लावून चौकात बसले.

रोझेंथल काय आणि आंडरसन काय, दोघेही बाहेरून आलेले. त्या मातीत जन्मलेल्यांना अंधार अंगवळणी पडलेला होता. नवख्या माणसाला तो खुपला, आणि त्याच्या खुपण्याने सर्वांचे भले झाले. आपल्या परदेशी गेलेल्या मुलांना हे सांगितले पाहिजे. तुम्हाला तेथला अंधार सोसवत नाही ही तुमची उणीव नाही. जे इतरांना दिसेनासे झाले आहे ते कदाचित तुम्हाला दिसत असेल.

दुसरे गाव इटलीच्या आल्प्समधील विगानेल्ला. तेथे ११ नोव्हेंबरला, म्हणजे संत मार्टिनच्या सणाला, सूर्य डोंगराआड जातो तो थेट २ फेब्रुवारीला, प्रभूच्या समर्पणाच्या आणि मेणबत्त्यांच्या आशीर्वादाच्या सणाला परत येतो. तेथील कथा मोठी रंजक आहे. १९९९ साली जाकोमो बोन्झानी या वास्तुविशारदाने चर्चच्या दर्शनी भिंतीवर छायाघड्याळ करण्याचे सुचवले. पण वर्षातले जवळजवळ तीन महिने जेथे सावलीच पडत नाही तेथे छायाघड्याळ काय कामाचे? सरपंच पियेरफ्रांको मिदाली यांनी मग सूर्यच आणण्याचे मनावर घेतले. २००६च्या डिसेंबरात समोरच्या डोंगरावर सुमारे ४० चौरस मीटरचा आरसा बसला आणि देवळापुढच्या चौकात दिवसाचे काही तास ऊन पडू लागले. संत मार्टिन म्हणजे ज्याने आपला झगा फाडून अर्धा थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला दिला, तोच. हा योगायोग मला हिशेबापलीकडचा वाटतो.

या दोन्ही गावांनी प्रत्येक घरी एकेक दिवा वाटला असता तर खर्च बहुधा कमीच आला असता. पण दिव्यापुढे माणूस एकटा बसतो, आणि चौकातल्या उन्हात बसायला घरातून निघावे लागते, शेजाऱ्याशी बोलावे लागते. अक्वायनस यांच्या यादीतील मित्रांची सहानुभूती आणि शरीराची ऊब ही दोन्ही औषधे तेथे एकाच बाकावर मिळतात.

आपल्या मुलांसाठी आपण डोंगरावर आरसे उभारू शकणार नाही. पण घड्याळाचे गणित आपल्याला जमण्यासारखे आहे. बहुतेक घरांतून फोन जातो तो आपल्या सोयीने, रात्री जेवणानंतर. लंडनमध्ये तेव्हा नुकताच काळोख पडलेला असतो आणि मुलगी दिवसभराच्या कामाने आंबलेली असते. हिवाळ्यात लंडनला सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे दोन झालेले असतात. त्या वेळी फोन करून तिला म्हणावे, कोट चढव, बाहेर पड आणि चालता चालता बोल. आज घरी काय शिजले ते सांगते. टोरांटोची सकाळ मात्र आपल्याकडे संध्याकाळी सातला उगवते. तेव्हा घरोघरी रोझरी सुरू होण्याच्या बेतात असते. तिकडच्या मुलासाठी ती पंधरा मिनिटे उशिरा सुरू झाली तरी चालेल.